माशांच्या तळ्यासाठी घरचा आरओ!

टँकरचं पाणी, तापलेलं अंगण आणि सात गोल्डफिश. जुन्या प्युरिफायरच्या पार्ट्समधून आम्ही तळ्यासाठी आरओ बनवला, तोही दोन हजारांच्या आत. पण बनवण्याइतकंच महत्त्वाचं आहे तो कधी चालवायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे कळणं.

'आरओ' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? किचनच्या भिंतीवरचा तो डबा, त्याचा निळा लाइट आणि वर्षाला सर्व्हिसिंगच्या नावाखाली आपला खिसा हलका करणारा टेक्निशियन. बरोबर? आता हाच डबा उघडा करून, कव्हर फेकून, अंगणातल्या हौदाशेजारी भिंतीला ठोकलाय अशी कल्पना करा. दिसायला अगदीच कळकट, पण काम एकदम चोख. आमच्याकडे सध्या हेच चालू आहे.

मी आणि माझी फ्लॅटमेट पुण्यात उंड्रीला तळमजल्यावर भाड्याने राहतो. मागे अंगणाची एक पट्टी आणि त्यात घरमालकीणकाकूंनी हौसेने बांधलेला सिमेंटचा हौद. सहा फूट बाय चार फूट, पाणी साधारण अर्धा मीटर, म्हणजे अकराशे लिटर. त्यात सात गोल्डफिश. चावी देताना काकू अगदी सहज म्हणाल्या, "दर उन्हाळ्यात दोन-तीन जातातच गं, नंतर नवे आणायचे." गॅसचा सिलिंडर संपावा तितकं साधं! मला ते काही पटेना. मासा जातो म्हणजे काहीतरी कारण असणारच ना?

आधी मीटर, मग मोटर

कुठलंही मशीन जोडण्याआधी दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. पेनाएवढा असतो, पाण्यात बुडवला की आकडा दाखवतो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला किती मिलिग्रॅम ते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाप्रमाणे ५०० पर्यंत उत्तम आणि दुसरा सोर्सच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचं, असा हिशेब आहे.

आमच्या टँकरचा आकडा आला ६५०. बोअरवेलचंच पाणी ते. दख्खनच्या काळ्या खडकातून झिरपताना कॅल्शियम-मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं, म्हणून बादलीला पांढरे थर आणि आपल्या केसांची झाडूसारखी अवस्था. आणि हौदातला आकडा? गेल्या मे महिन्यात १,१८०! पाणी टँकरचंच, मग जवळपास दुप्पट कसं?

उत्तर शाळेतच शिकलोय आपण. मिठागरात काय होतं? ऊन पाणी उडवतं, मीठ खाली राहतं. आमचा हौद म्हणजे छोटंसं मिठागरच झालं होतं. मी हौदाच्या कडेला स्टीलची पट्टी चिकटवून मोजलं. एप्रिलच्या उन्हात रोज जवळपास ८ मिलिमीटर पाणी कमी होत होतं, म्हणजे या हौदाला दिवसाला सुमारे १८ लिटर. महिन्याला ५४० लिटर पाणी उडणार आणि तेवढंच आपण टँकरचं ओतणार. त्यासोबत दर महिन्याला ३५० ग्रॅम क्षार आत जाणार आणि बाहेर काहीच पडणार नाही. काही भाग भिंतीवर पांढरा थर होऊन बसतो, बाकीचा पाण्यात.

आता गोल्डफिश तसा दणकट गडी. नुसत्या क्षारांनी तो एवढ्यात हार मानत नाही. खरी गडबड पुढे आहे. अशा पाण्यात ऊन आणि शेवाळ एकत्र आलं की दुपारी पीएच वर चढतो. माशांच्या शरीरातून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर त्यातला एक टक्कासुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तो पाच टक्क्यांच्या आसपास जातो आणि ९ ला थेट एक तृतीयांशाच्या वर. अमोनिया तेवढाच, पण विष कितीतरी पट! त्यात गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. काकूंचे 'दर उन्हाळ्यात दोन-तीन' कसे जात असावेत, याचा अंदाज आता येतो.

कैरीच्या फोडी आणि उलटा फंडा

आरओ म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस. नाव भारदस्त, पण फंडा आपल्या आज्यांना पाठ आहे. लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात भांड्यात पाणी सुटतं. मनुका साध्या पाण्यात टाकल्या की टम्म फुगतात. पातळ पडद्याच्या एका बाजूला क्षार-साखर जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर पाणी जास्तीच्या बाजूला धावतं. हे झालं ऑस्मॉसिस. आता पंपाने दाब देऊन त्याच पाण्याला उलटं पळवलं तर? पाणी पडद्यातून पार होतं, क्षार मागे राहतात. झालं रिव्हर्स!

हे प्रत्यक्षात उतरवण्यात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे बरं का. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजलिस कॅम्पसमध्ये सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरीराजन या जोडीने १९६० च्या सुमारास कामाला येईल असा पडदा तयार केला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच कोलिंगा या गावात त्या तंत्रावर चालणारा प्लांट सुरू झाला.

गंमत म्हणजे मासा स्वतः चोवीस तास ऑस्मॉसिसशीच झगडत असतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. त्यामुळे कल्ल्यांमधून पाणी सतत आत शिरतं आणि तो ते पातळ लघवीवाटे सतत बाहेर टाकतो. म्हणूनच 'जितकं शुद्ध पाणी तितकं माशाला बरं' हे लॉजिक साफ चुकीचं. अगदी क्षारमुक्त पाण्यात माशाला स्वतःचे क्षार टिकवायला आणखी राबावं लागतं. शिवाय पाण्यातले कार्बोनेट गेले की पीएचला धरून ठेवणारं कुणी उरत नाही, आणि एखाद्या रात्री तो धाडकन खाली येतो. हौद निव्वळ आरओच्या पाण्याने भरायचा मोह म्हणूनच टाळायचा.

गोल्डन रूल

मग आरओचं करायचं काय? आमचं सगळं गणित एका वाक्यात बसतं. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने आणि बदलायचं पाणी टँकरचं.

ऊन फक्त पाणी नेतं, क्षार नेत नाही. म्हणून भरपाईला जवळपास क्षार नसलेलं पाणी. आठवड्याला दहा टक्के, म्हणजे शंभर-एकशेदहा लिटर पाणी आपण स्वतः बाहेर काढतो, तेव्हा क्षारही जातात. म्हणून तिथे टँकरचं, क्षारवालं पाणी. माशांना हवे ते कॅल्शियम-कार्बोनेट त्यातूनच मिळतात, वेगळी पावडर विकत आणावी लागत नाही. फक्त टँकरच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असेल तर क्लोरिनचा बंदोबस्त करून मगच ते आत घाला. दुकानात मिळणारं अँटिक्लोरिन त्यासाठीच असतं. काढलेलं पाणी कुंड्यांना द्या, आमचा कढीपत्ता त्यावर तरारलाय.

आणखी एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. हौदातलं पाणी आरओमधून फिरवायचं नाही. शेवाळ आणि माशांची घाण मेम्ब्रेनमध्ये जाऊन ती बघता बघता चोक होईल. हौदाचा रोजचा फिल्टर वेगळाच. एका ड्रममध्ये स्पंज आणि भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या जाळ्या भरा आणि छोट्या पंपाने पाणी त्यातून सतत फिरवा. त्या जाळ्यांवर बसणारे बॅक्टेरिया अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे काम जगातला कुठलाही आरओ करू शकत नाही. जाळ्या धुवायच्या त्या हौदाच्याच पाण्यात. नळाखाली खसाखसा घासल्या तर बॅक्टेरियांचीही सुट्टी!

चला, जोडायला घेऊ

माझ्या मावशीने किचनमधला आरओ बदलला आणि जुना भंगारात निघाला होता. तो आम्ही उचलला. पंप आणि त्याचा अडॅप्टर, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, दोन्ही ठणठणीत होते. मेम्ब्रेन, कॅन्डल आणि फिटिंग नवीन आणली. प्युरिफायरच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान आता जवळपास प्रत्येक उपनगरात असतं. फ्लॅटमेट इलेक्ट्रॉनिक्सवाली, त्यामुळे वायरिंगचं डिपार्टमेंट तिचं. एका रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत पाणी चालू.

पाणी जातं त्या क्रमाने सांगते.

१. स्पन फिल्टर, ५ मायक्रॉनचा. माती-गाळ इथेच अडतो. टँकरचं पाणी असेल तर महिन्या-दोन महिन्यांत तो चॉकलेटी होतो, तेव्हा बदला.

२. कार्बन फिल्टर. हा क्लोरिन पकडतो. क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना तर जाळतोच, पण मेम्ब्रेनही खराब करतो. म्हणून कार्बन नेहमी मेम्ब्रेनच्या आधी.

३. बूस्टर पंप, २४ व्होल्टचा. ओव्हरहेड टाकीच्या नुसत्या उताराने मेम्ब्रेनला पुरेसा दाब मिळत नाही.

४. मेम्ब्रेन, ७५ किंवा ८० जीपीडीची. जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन. ७५ म्हणजे तासाला साधारण १२ लिटर. हा आकडा २५ अंश तापमानाचा असतो, थंडीत पाणी कमी येतं. घाबरू नका, मशीन बिघडलेलं नसतं.

५. फ्लो रिस्ट्रिक्टर, दुकानातल्या भाषेत 'एफआर'. मेम्ब्रेनमधून वाया जाणाऱ्या पाण्याच्या नळीवर हा बसतो. त्याच्यामुळेच आत दाब तयार होतो. हा विसरलात तर सगळं पाणी वाया जाणाऱ्या नळीतून पळेल आणि चांगलं पाणी येणारच नाही.

६. चांगलं पाणी झाकणाच्या ड्रममध्ये, त्यात फ्लोट स्विच. ड्रम भरला की पंप बंद आणि आधी बसवलेला सॉलेनॉइड व्हॉल्व्हही बंद.

नव्या मेम्ब्रेनमधून पहिल्या तासाभरात येणारं पाणी हौदात घालू नका. ती टिकावी म्हणून आत काही रसायनं असतात, ती आधी निघून जाऊ द्या. मग मीटर लावा. आमच्याकडे ६५० चं ३५ झालं. महिन्याला ३५० ग्रॅम क्षारांऐवजी आता वीस ग्रॅमसुद्धा जात नाहीत. आकडा हळूहळू चढून शंभरच्या वर गेला की समजायचं, मेम्ब्रेन बदलायची वेळ आली.

आणि प्लीज, विजेच्या बाबतीत जुगाड नको. पाणी आणि करंट शेजारी-शेजारी आहेत. अडॅप्टर बंद बॉक्समध्ये, जमिनीपासून उंच आणि अंगणातल्या प्लगला इएलसीबी किंवा आरसीसीबी हवाच. ते इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्या. हौदात हात घालताना फिल्टरच्या पंपाचं बटण बंद.

वाया जाणाऱ्या पाण्याचं काय?

इथे आमचं खरं भांडण झालं. आमच्या एफआरमधून मिनिटाला ४५० मिलिलिटर पाणी बाहेर पडतं आणि चांगलं येतं २००. म्हणजे एक लिटर कमवायला सव्वादोन लिटर घालवायचे. रोजच्या १८ लिटरसाठी ४० लिटर नालीत! ज्या सोसायटीत टँकर उशिरा आला की लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे माशांसाठी हे? फ्लॅटमेट स्पष्टच म्हणाली, "असं असेल तर मी कमिटीसमोर तुझी बाजू घेणार नाही."

तिचं बरोबर होतं. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने केंद्र सरकारला सांगितलं होतं की पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओ प्युरिफायरवर बंदी आणा, आणि जिथे परवानगी द्याल तिथे ६० टक्क्यांहून जास्त पाणी वापरात आलं पाहिजे. विषय पिण्याच्या पाण्याचा होता, पण त्यामागचा विचार हौदालाही लागू पडतोच की.

लहान एफआर लावून वाया जाणारं पाणी कमी करता येतं. पण आमच्यासारख्या जड पाण्यात मग मेम्ब्रेनवर क्षारांचा थर लवकर धरतो. म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाकडून सुरुवात केली. पाणी उडूच नये यासाठी! हौदावर नर्सरीत मिळते ती हिरवी शेडनेट बांधली, ५० टक्के सावलीची. पट्टीवर ८ मिलिमीटरचे ५ झाले. म्हणजे १८ लिटरऐवजी ११. आरओ जेमतेम तासभर चालतो आणि वाया जाणारं पाणी ४० वरून २५ लिटरवर आलं. सावलीमुळे पाणी कमी तापतं आणि शेवाळही कमी, हा बोनस. खरं सांगू? आमच्या सगळ्या सेटअपमधली सगळ्यात भारी वस्तू ती नेटच आहे.

उरलेले २५ लिटर बादल्यांमध्ये जमा होतात. त्याचा टीडीएस साडेनऊशेच्या आसपास. कुंड्यांना रोज दिलं तर मातीत क्षार साचतील, म्हणून ते फ्लशला आणि फरशीला. तीनेक फ्लश त्यातच निघतात, म्हणजे तेवढं टँकरचं पाणी वाचतं. हिशेब जवळपास फिटला. आता कमिटीसमोर दोघीही जाऊ शकतो!

तुम्हाला आरओ लागेल का?

बहुतेकांना नाही. पुण्यात ज्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं किंवा मुंबईत तानसा-वैतरणा-भातसाचं, त्यांचं पाणी मुळातच हलकं असतं. क्लोरिन काढा आणि वापरा, विषय संपला. बोअरवेलचं पाणी असेल तरी गप्पी, मॉलीसारखे मासे त्यात मजेत राहतात. डिस्कससारखे मऊ पाण्यातले मासे पाळायचे असतील किंवा आमच्यासारखं जड पाणी, उघडं तळं आणि कडक ऊन असं त्रिकूट जमलं असेल, तरच या भानगडीत पडा.

जून ते सप्टेंबर आमचा आरओ पूर्ण बंद असतो. आभाळातून फुकट येणाऱ्या पाण्यात क्षार जवळपास नसतातच. पहिल्या एक-दोन सरींनी पत्रे धुऊन निघाले की मग ड्रम भरून ठेवा. मुसळधार पावसात हौद ओसंडून वाहिला तर मात्र कार्बोनेट कमी होतात. केएच टेस्टच्या किटने मोजा. ८० च्या खाली गेला असेल तर शंभर लिटरला चमचाभर खाण्याचा सोडा विरघळवून, थोडा-थोडा करून घाला.

एसीच्या पाइपमधून टपकणारं पाणीही मीटरवर मस्त आकडा दाखवतं. ऑफिसमधून बाटल्या भरून आणायचा विचार मनात आला असेल तर लगेच सोडा! ते तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असू शकतं आणि तांबं माशांना घातक आहे.

टेरेसवाल्यांनो, तुमच्यासाठी एक धोक्याची घंटा. एक फूट खोल पाणी म्हणजे दर चौरस मीटरला तीनशे किलो वजन. स्लॅब ते पेलणार का, हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारल्याशिवाय गच्चीवर तळं नको. खालच्या मजल्यावरही माणसं राहतात!

यंदाच्या मे महिन्यात हौदाचा टीडीएस ७०० च्या आसपासच थांबला. पांढरा थर फारसा वाढला नाही. काकू भाडं घ्यायला आल्या तेव्हा नेट बाजूला करून त्यांनी मासे मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. सातच्या सात. "या वर्षी नवे आणायला नकोत म्हणजे," त्या म्हणाल्या आणि जाता जाता हळूच विचारलं, "माझ्या घरचा जुना आरओ पडून आहे गं, त्याचं काही होईल का?"